तुतीवरचे तीन परिंडे

"वरुण, मान खाली! आला बघ तो!"

अनुयाने ओरडायला आणि दयाळ पक्ष्याने झेप घ्यायला एकच गाठ पडली. मुठीएवढा तो काळापांढरा पक्षी वरुणच्या केसांना चाटून गेला. वरुण दचकला, हातातली बादली तुतीच्या बुंध्यावर आपटली आणि सगळं पाणी सालीवरून घळाघळा खाली आलं.

"मी त्याच्यासाठी पाणी भरतोय आणि तो मलाच मारतोय!" वरुण कुरकुरला. अनुयाचा हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि त्याच्या मते जगातला निम्मा अन्याय त्याच्याच वाट्याला येत असे.

"ढोलीत पिल्लं आहेत त्याची," अनुया हसू दाबत म्हणाली. "तुझं तोंड बघून घाबरला असेल बिचारा."

"मतलब, आम्ही पण रोज घाबरतो," त्यांचा मित्र यतीन याने गंभीरपणे दुजोरा दिला.

हे तिघं रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला डॉक्टर आजींच्या बागेत हजर असत. जयपुरात उन्हाळा लागला की लोक झाडांना परिंडे टांगतात. परिंडा म्हणजे पक्ष्यांना पाणी प्यायला शिंकाळ्यात बसवलेलं मातीचं पसरट भांडं. आजींच्या बागेत असे अकरा परिंडे होते. त्यांतले तीन या म्हाताऱ्या तुतीवर. तिन्हींचे दोर वरच्या फांद्यांवरून घेऊन बुंध्यात ठोकलेल्या तीन हुकांना बांधलेले. दोर सोडायचा, परिंडा खाली घ्यायचा, धुऊन भरायचा, पुन्हा वर ओढायचा. माळीबाबा भगवानजी हे काम करायचे, पण ते महिनाभर गावी गेले होते. मग आजींनी वरच्या बाल्कनीतून फर्मान काढलं होतं, "अनुया, अकरा परिंडे तुझ्या ताब्यात. आणि दयाळाची पिल्लं उडेपर्यंत त्या तुतीवर लक्ष ठेवायचं. शब्द दे!"

अनुयाने शब्द दिला होता. तिच्या बाबांच्या विमा कंपनीच्या नोकरीमुळे बारा वर्षांत तिची चार गावं झाली होती, पण कुणी विश्वासाने काही सोपवावं असं यापूर्वी कुठेच घडलं नव्हतं. जवाहर नगरच्या कडेला, सेक्टरांच्या आकड्यांत न बसणारी ही जुनी बाग तिला स्वतःच्या घरापेक्षा जास्त पाठ होती. कोणत्या पेरूवर बुलबुल भांडतात, मुंगूस कुंपणाच्या कुठल्या फटीतून येतं, सगळं! आणि आता त्या बागेला काहीतरी होत होतं. आधी डाळिंब वाळलं. मग जांभूळ. ती दोन्ही झाडं तोडूनही झाली. आणि आता तुतीची पानं एका बाजूने करपून गळायला लागली होती.

"अनुया," यतीन बुंध्याकडे बोट दाखवत म्हणाला, "हे बघ. रंग निघतोय."

झाडांच्या बुंध्यांना खाली पांढरा चुना आणि वर गेरूचा तांबडा पट्टा लावलेला आपण सगळ्यांनीच पाहिलाय. वाळवी लागू नये म्हणून लावतात. पण पाणी पडल्यावर गेरूचा ओघळ निघावा की नाही? इथे तर गेरूचा अख्खा पोपडाच सुटून आला होता, लिंपलेली भिंत ढासळावी तसा. अनुयाने नखाने आणखी थोडा गेरू खरवडला. आत खडबडीत साल लागायला हवी होती. लागलं ते गुळगुळीत, फिकट, उघडं लाकूड!

"इथे सालच नाहीये," ती कुजबुजली. तिने बोट आडवं सरकवलं. चार बोटं रुंद, खोल खाच पट्ट्याखालून पुढे पुढे चालली होती. "कुणीतरी गोल साल काढलीय. आणि वर गेरू थापलाय."

"पण का?"

"साल काढली की झाड मरतं. शाळेत शिकलोय आपण." ती झटकन मागे वळली. "यतीन, डाळिंब आणि जांभूळ. त्यांनाही असेच पट्टे होते!"

तिघंही जांभळाच्या खोडाकडे धावले. झाड तोडलं होतं तरी गुडघाभर खोड शिल्लक होतं. वरुणने बादली पुन्हा भरून त्यावर ओतली, यतीनने चपलेने घासलं. गेरू निघाला आणि खाली तशीच खाच! थेट गोल, सुरुवात नाही की शेवट नाही.

"काय चाललंय रे?"

मागे परेशकाका उभे होते. पांढरीशुभ्र पँट, काळा चष्मा, कानाला फोन. आजी डॉक्टर म्हणून लहान मुलांवर उपचार करण्यात आयुष्यभर रमल्या, लग्न केलं नाही. मार्चमध्ये त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा हा त्यांचा भाचा पुण्याहून मदतीला आला होता. तेव्हापासून आजी वरच्या मजल्यावर आणि परेशकाका खाली.

"काका, झाडाची साल कुणीतरी—" वरुणने तोंड उघडलं. अनुयाने त्याच्या पायावर पाय दिला.

"झाडं किडलीत, दुसरं काय!" परेशकाकांनी सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. "सगळा चिखल केलात! उद्यापासून यायचं नाही कुणी. उद्या सात वाजता माणसं येतायत, ही तुतीही पाडणार. उगाच डोक्यात फांदी पडायची कुणाच्या."

"पण तिच्यात पिल्लं आहेत!" अनुया ओरडलीच. "अजून उडता येत नाही त्यांना!"

"पिल्लंबिल्लं काही नाहीत, ढोली रिकामी आहे. आत्यालाही सांगितलंय मी तसं. आणि वर जायचं नाही हां, तिला आराम हवाय." फोनवर पलीकडे कुणीतरी अजून होतं. पाठ फिरवताना परेशकाका त्याला म्हणाले, "हां, दिवाळीपर्यंत इथे मस्त हिरवळ तयार होईल. लग्नांना भाड्याने द्यायला अख्खा सीझन मिळेल. झाडांचं? होतंय, एकेक करून होतंय."

मुलं फाटकाबाहेर आली. रस्त्यावर अजून ऊन तापायचं होतं तरी अनुयाचे कान गरम झाले होते.

"आजी जिवंत झाड कधीच तोडू देणार नाहीत," ती म्हणाली. "म्हणून हे आधी झाड मारतात आणि मग वाळलं म्हणून तोडतात!"

"फोन कर ना आजींना," यतीन म्हणाला.

केला. एकदा नाही, चार वेळा. प्रत्येक वेळी परेशकाकांचाच आवाज आला, "आत्या झोपलीय." चौथ्या वेळी तर ते नुसतं "हं?" एवढंच म्हणाले, आणि तिने घाबरून फोन ठेवून दिला.

उरलं होतं शेवटचं माणूस. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आल्या आल्या अनुयाने एका दमात सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या मागे भिंत होती, कोरी करकरीत. घड्याळ फ्रिजवर ठेवलेलं, कॅलेंडर पुस्तकांना टेकवून उभं. भाड्याच्या घरात एकही खिळा मारायचा नाही हा बाबांचा चार गावांपासूनचा नियम होता. निघताना भिंत होती तशी परत द्यायची.

"अनु, तुझं खरं असेलही," ते म्हणाले. "पण तो त्यांच्या घरचा मामला आहे. आपण इथे पाहुणे. दोन वर्षांनी बदली होईल, आपण जाऊ. दुसऱ्यांच्या घरात आपण पडू नये."

"मग झाडात कोण पडणार?" वरुणने विचारलं. आईने त्याला जेवायला बसवलं.

अनुया ताटावरून उठली. बाबा वाईट नव्हते, हे तिला माहीत होतं. पण उद्या सात वाजता कुणीतरी तिथे उभं राहायला हवं होतं, आणि तिच्याशिवाय दुसरं कुणी दिसत नव्हतं. तिला रागही आला आणि रडूही आलं. शेवटी तिने डोळे पुसले, वहीचं एक पान फाडलं आणि यतीनला फोन लावला. "उद्या साडेसहाला. मुंगसाच्या वाटेने."

*

मेंदीच्या कुंपणातली फट मुंगसासाठी ऐसपैस होती, तेरा वर्षांच्या यतीनसाठी नव्हती. त्याचा शर्ट फाटला, पण तो आत आला. तिघंही करवंदीच्या जाळीमागे दबकून बसले.

उशीर झाला होता! दोन माणसं सातच्या आधीच तुतीखाली आली होती. त्यांच्याकडे विजेवर चालणारी करवत होती आणि तिची लांबलचक वायर व्हरांड्यातल्या प्लगपर्यंत गेली होती. व्हरांड्यात परेशकाका चहा पीत उभे. दयाळाची जोडी फांदीफांदीवर नाचत कर्कश ओरडत होती. रोज पहाटे गाणारा तोच गळा, पण आज त्यात गाणं नव्हतं.

"आजींना ऐकू कसं येत नाही?" वरुण कुजबुजला.

अनुयाने वर पाहिलं. बाल्कनीचं दार बंद होतं आणि खिडकीतला कूलर घरघरत होता, एखादा ट्रक सुरू करून ठेवावा तसा. त्या आवाजात जग बुडालं असतं तरी आत कळलं नसतं.

बाल्कनीला मात्र अकरावा परिंडा होता. आजींच्या खास मर्जीतला. त्याचा दोर कप्पीवरून खाली आला होता आणि कप्पीजवळ घुंगरांचा झुबका बांधलेला. खालून मुलांनी पाणी भरून दोर ओढला की घुंगरू वाजायचे आणि आजी वॉकर टेकत बाहेर येऊन म्हणायच्या, "वा, आलं का नळाचं पाणी?"

"माणसाला वर जायला बंदी आहे," अनुया हळूच म्हणाली. "परिंड्याला नाही."

यतीनचे डोळे चमकले. "पर कूलर? घुंगरू कसे ऐकणार?"

"मेन स्विच व्हरांड्यात आहे. काकांच्या मागे."

"मतलब, सिंहाच्या पाठीमागे." यतीनने फाटलेला शर्ट आत खोचला. "ठीक आहे. मी जातो. पण काकांना हलवा कोणीतरी!"

करवत घुर्रर्र करून सुरू झाली. एक वाळलेली फांदी कडाडून खाली आली. धूळ उडाली. दुसऱ्या माणसाने ढोलीच्या फांदीला दोर बांधायला घेतला.

"मी हलवतो," वरुण म्हणाला आणि कुणी काही बोलायच्या आत जाळीतून बाहेर पळाला सुद्धा!

"काका! परेशकाका! तुमच्या गाडीवर माकडं! एकाने वायपर उपटलाय!"

परेशकाकांची नवी कोरी गाडी फाटकाबाहेर होती आणि जयपूरच्या माकडांची करणी सगळ्या शहराला ठाऊक होती. हातातला कप कठड्यावर आदळून ते धावत सुटले. त्यांच्या पांढऱ्या पँटवर चहा सांडला, तेही त्यांना कळलं नाही.

यतीनने व्हरांड्यात उडी घेतली. खट्!

करवत थांबली. कूलर थांबला. एकदम इतकी शांतता झाली की पानांची सळसळ ऐकू आली.

"लाइट गई," करवतवाला वैतागून म्हणाला आणि गमछ्याने मान पुसत खाली बसला. मे महिन्यात लाइट जाण्याचं जयपुरात कुणाला नवल?

अनुया बाल्कनीखाली पोचली होती. दोर सोडून तिने परिंडा खाली घेतला, पाणी ओतून टाकलं आणि आत तीन गोष्टी ठेवल्या. काल जपून ठेवलेला गेरूचा पोपडा. येता येता तुतीवरून खुडलेली ताजी डहाळी, पाच हिरव्यागार पानांची. आणि वहीचं पान. त्यावर लिहिलं होतं, *आजी, तुती मेलेली नाही. तिची साल काढून वर गेरू लावलाय. पिल्लं आत आहेत. लवकर खाली बघा. अनुया.*

तिने दोर ओढला. घुंगरू वाजले. छुम् छुम् छुम्!

दार उघडलं नाही.

"ए! काय करतेस तिकडे?" परेशकाका परत येत होते. गाडीवर माकड नव्हतं, वायपर जागच्या जागी होते, आणि आपण फसलो हे त्यांना कळलं होतं. "सोड तो दोर! आधी सोड!"

अनुयाने सोडला नाही. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती, पण दोर सोडला तर परिंडा खाली येऊन फुटला असता. ती दोन्ही हातांनी ओढत राहिली. छुम् छुम् छुम् छुम्! परेशकाका दहा पावलांवर आले. पाच पावलांवर आले.

"कोण आहे गं खाली? आणि लाइट गेली का?"

बाल्कनीचं दार उघडलं होतं. उकाड्याने हैराण झालेल्या आजी वॉकर टेकत कठड्याशी आल्या. परेशकाका जागच्या जागी थांबले.

"आत्या, तू आत जा, ऊन लागेल—"

"गप्प!" आजी परिंड्यात डोकावल्या. त्यांनी डहाळी उचलली, वास घेतला. पोपडा बोटांनी चुरडला. मग चष्मा सारखा करून चिठ्ठी वाचली, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याच वेळी दयाळ बाल्कनीच्या कठड्यावर येऊन बसला, चोचीत एक अळी धरून, आणि तिथून सरळ तुतीच्या ढोलीत शिरला. आतून चिवचिवाट झाला.

"परेश," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच मोठा नव्हता. "ढोली रिकामी आहे म्हणाला होतास."

"मला... तसं वाटलं."

"झाड पूर्ण वाळलंय म्हणालास. इथून करपलेलीच बाजू दिसते, फोटोही तिचेच दाखवलेस. मग ही पानं कुठून आली?" आजींनी तुतीकडे बोट केलं. "जा, त्या बुंध्यावरचा गेरू धुऊन काढ. मला इथून दिसला पाहिजे."

परेशकाका हलले नाहीत. शेवटी करवतवालाच उठला. त्याने नळाखालची बादली घेतली, बुंध्यावर पाणी मारलं आणि गमछ्याने घासलं. तांबडा चिखल खाली उतरला. फिकट, उघडी जखम सगळ्यांसमोर आली. तो तिच्याभोवती हात फिरवत गोल फिरला आणि एका जागी थांबला.

"माताजी, पूरा नहीं कटा! इधर छाल बाकी है!"

अनुया धावली. तीन हुक एका ओळीत होते, आणि त्यांच्याखाली वीतभर रुंद साल धडधाकट होती. कापणाऱ्याने परिंड्यांचे दोर सोडायचा कंटाळा केला होता. हुकांपाशी येऊन तो थांबला होता आणि तेवढी जागा तशीच सोडून वरून गेरू थापून मोकळा झाला होता. त्या वीतभर सालीतून तुती महिनाभर पाणी पीत होती. ढोलीची फांदी हिरवी राहिली ती त्यामुळेच!

"परिंड्यांनी वाचवलं झाडाला," वरुण डोळे विस्फारून म्हणाला.

"हरा पेड़ हम नहीं काटते, साहब," करवतवाला परेशकाकांना म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

परेशकाकांचा चेहरा गेरूसारखा झाला होता. "आत्या, झाडंच तर आहेत," ते पुटपुटले. "मला वाटलं, एवढी जागा नुसती पडून आहे..."

"पडून?" आजी कठड्यावरून पुढे वाकल्या. "त्या जांभळाखाली माझी चाळीस वर्षं गेली रे. आणि मी इथे वर बसून तुझ्या फोटोंवर विश्वास ठेवला. चूक माझीही आहे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग त्या पुन्हा डॉक्टर झाल्या. "भगवानला आत्ता फोन लाव. सुट्टी संपली म्हणावं. आणि तो येईपर्यंत अकराच्या अकरा परिंडे तू भरायचेस. दोन वेळा. चुकलास तर पुण्याची गाडी!"

वरुणने अनुयाच्या कानाशी तोंड नेलं. "दयाळाचं सांगायचं का त्यांना?"

"नको," अनुया म्हणाली. "कळेल."

संध्याकाळी कळलंच! दयाळाने परेशकाकांचा काळा चष्मा पहिल्याच झेपेत उडवला.

*

भगवानजी दुसऱ्या दिवशी आले. जखम बघून त्यांनी कपाळावर हात मारला, मग शेणमाती कालवून जखमेवर जाड लेप दिला आणि वर गोणपाट बांधलं. "बच जाएगी, बिटिया," ते म्हणाले. "थोड़ा टाइम लेगी, पर बच जाएगी."

सहाव्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू ढोलीच्या तोंडाशी आलं. आजी त्या दिवशी अडीच महिन्यांनी प्रथमच खाली उतरल्या होत्या, एका बाजूला भगवानजी आणि दुसऱ्या बाजूला अनुयाचे बाबा. बाबांना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. सगळे श्वास रोखून बघत होते. पिल्लू डुगडुगलं, खाली पाहिलं, मागे सरलं, पुन्हा पुढे आलं, आणि एकदम झेपावून धडपडत पेरूवर जाऊन बसलं. वरुणने टाळ्या पिटल्या. दुपारपर्यंत चारही पिल्लं बाहेर होती.

"अभिजित," आजी बाबांना म्हणाल्या, "तुमच्या मुलीने शब्द दिला होता आणि पाळला. मोठी माणसंसुद्धा इतकं करत नाहीत. मी तर घरात असून केलं नाही. आणि यतीन, वरुण, तुम्ही माझी लाइट घालवलीत, त्याबद्दल शाबास!"

बाबा बुंध्यापाशी गेले आणि त्या तीन हुकांकडे बराच वेळ बघत राहिले.

निघताना आजींनी अनुयाच्या हातात एक नवा कोरा परिंडा ठेवला. "हा तुझ्या घरासाठी."

अनुयाने बाबांकडे पाहिलं. "आमच्याकडे टांगायला काही नाहीये, आजी," ती हळूच म्हणाली.

त्या संध्याकाळी ती गच्चीवरून कपडे घेऊन आली तर घरात ठक् ठक् आवाज येत होता. बाबा बाल्कनीत स्टुलावर उभे होते, हातात शेजाऱ्यांकडून मागून आणलेला हातोडा. केसांत चुन्याची धूळ. भिंतीत जाडजूड हुक बसला होता, जरा वाकडाच.

"बाबा! आणि बदली झाली म्हणजे?"

बाबांनी हुक हाताने ओढून पाहिला. पक्का होता.

"झाली तर झाली," ते म्हणाले. "आपल्यानंतर येईल त्याला पाणी टांगायला जागा तर राहील. बघतेस काय, आण तो परिंडा!"

अनुया परिंडा आणायला पळाली, आणि वरुण तिच्याही आधी बादली भरायला.